लोहाची कमतरता, रक्ताची गुठळी आणि पक्षाघात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोह कमी पडले की थकवा येतो, धाप लागते, केस गळतात, हे बहुतेकांना माहीत असते. त्याच कमतरतेमुळे मेंदूच्या किंवा पायाच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोकाही वाढू शकतो, हे मात्र बऱ्याच रुग्णांना गुठळी झाल्यानंतरच कळते. ही कमतरता स्वस्तातल्या रक्त तपासणीत सापडते आणि भरूनही काढता येते, म्हणून ती वेळेत ओळखणे महत्त्वाचे आहे.

अंगात रक्तच कमी, मग गुठळी होणार कशी? उलट रक्त पातळ झालेले असते ना?

नाही. हिमोग्लोबिन लाल पेशींत असते आणि त्याचे काम प्राणवायू वाहून नेण्याचे. रक्त गोठवण्याचे काम प्लेटलेट आणि यकृतात तयार होणारी काही प्रथिने करतात. हिमोग्लोबिन ७ वर (ग्रॅम प्रति डेसिलीटर) आले तरी ही दुसरी यंत्रणा शाबूत असते, आणि लोहाच्या कमतरतेत तर ती जरा जास्तच तत्पर होते. ‘हिमोग्लोबिन कमी आहे, म्हणजे गुठळीची भीती नाही’ या समजुतीपायी बाळंतपणानंतरची डोकेदुखी किंवा एका पायाची सूज अंगावर काढली जाते. ते धोक्याचे आहे.

शरीरात नेमके काय बिघडते?

एकच कारण नाही, बऱ्याच गोष्टी एकत्र येतात.

पहिली गोष्ट प्लेटलेटची. अस्थिमज्जेत (हाडांतल्या मगजात) लाल पेशी आणि प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी एकाच पूर्वज पेशीपासून निघतात. लोह अपुरे असले की ही पूर्वज पेशी प्लेटलेटच्या बाजूला झुकते. प्लेटलेटची नेहमीची संख्या एका मायक्रोलीटरमध्ये दीड ते साडेचार लाख असते. लोहाच्या कमतरतेत ती पाच-सात लाखांपर्यंत जाणे नवलाचे नाही, क्वचित दहा लाखही ओलांडते. मात्र सगळ्यांचीच वाढत नाही. कमतरता फार तीव्र असेल तर काहींची संख्या उलट घटते.

दुसरी गोष्ट रक्ताच्या प्रवाहाची. प्राणवायू पुरत नाही म्हणून हृदय जोरात आणि जलद रक्त ढकलते. फाट्यांवर आणि आधीच अरुंद झालेल्या जागी या वेगवान प्रवाहात भोवरे तयार होतात, वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि तिथे प्लेटलेट चिकटू लागतात. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या भिंतीला लटकणारी गुठळी आढळलेल्या रुग्णांमध्ये लोहाची कमतरता आणि वाढलेल्या प्लेटलेट ही जोडी वैद्यकीय अहवालांत पुन्हा पुन्हा नोंदली गेली आहे.

तिसरी, लाल पेशींची. लोहाविना बनलेल्या पेशी लहान आणि ताठर असतात. केशवाहिन्यांतून जाताना निरोगी पेशी जशी वाकते तशा या वाकत नाहीत.

चौथी गोष्ट गोठवणाऱ्या प्रथिनांची. कमी लोह असलेल्या काही रुग्णांमध्ये फॅक्टर ८ या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले आढळले आहे, आणि वाढलेला फॅक्टर ८ हा शिरांमधल्या गुठळीचा मान्य धोकाघटक आहे.

शिवाय गुठळी नसतानाही मेंदूला इजा होऊ शकते. एखादी धमनी आधीच अरुंद असेल आणि त्यात हिमोग्लोबिन ५-६ वर आले, तर त्या भागाला पोचणारा प्राणवायू गरजेपेक्षा कमी पडतो. विशेषतः दोन धमन्यांच्या क्षेत्रांमधला सीमेवरचा भाग आधी भरडला जातो.

याला पुरावा किती पक्का आहे?

संबंध आहे, हे वेगवेगळ्या प्रकारच्या अभ्यासांत दिसले आहे. ‘लोह कमी, म्हणूनच पक्षाघात’ असे सरसकट सिद्ध झालेले नाही.

टोरांटोतल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक ते तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी ठणठणीत असलेल्या पण पक्षाघात झालेल्या मुलांमध्ये लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया (रक्तक्षय) असण्याची शक्यता निरोगी मुलांच्या तुलनेत सुमारे दहापट होती. पक्षाघाताची मुले १५ च होती, म्हणून आकडा जपून घ्यावा, पण फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. तैवानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींवरून २०१३ मध्ये केलेल्या मोठ्या अभ्यासात प्रौढांमध्ये हा संबंध बराच सौम्य, म्हणजे सुमारे दीडपट निघाला. मेंदूच्या शिरांतल्या गुठळीबाबत २०१५ च्या एका तुलनात्मक अभ्यासात ॲनिमिया असलेल्यांमध्ये धोका सुमारे चौपट दिसला. तिथे ॲनिमिया कोणत्याही कारणाचा होता, फक्त लोहाचा नव्हे.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे २०१४ चे काम यंत्रणा समजण्यासाठी सर्वांत उपयोगी वाटते. त्यातल्या सुमारे ५०० रुग्णांच्या फुप्फुसांत धमनी आणि शीर थेट जोडल्या गेल्या होत्या. एरवी शिरांतून येणाऱ्या बारीक गुठळ्या फुप्फुसाच्या जाळ्यात अडकतात, या रुग्णांत त्या थेट मेंदूकडे जाऊ शकतात. ज्यांचे रक्तातले लोह सुमारे ६ मायक्रोमोल प्रति लीटर होते, त्यांचा पक्षाघाताचा धोका १७ असलेल्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. त्यांच्या प्लेटलेटही प्रयोगशाळेत लवकर एकमेकींना चिकटत होत्या.

मग खबरदारी म्हणून सगळ्यांनीच लोहाच्या गोळ्या घ्याव्यात का?

अजिबात नाही. जनुकांच्या आधारे केलेल्या अभ्यासांत उलटी बाजूही दिसते. ज्यांच्या शरीरात जन्मतः लोह जास्त साठते, त्यांना हृदयातून येणाऱ्या गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा आणि पायाच्या शिरेतल्या गुठळीचा धोका थोडा वाढलेला आढळला. कमतरता तपासणीत दिसली तर ती पूर्ण भरून काढायची. नसेल तर गोळी घेऊ नये.

धोका कुणाला जास्त असतो?

दोन-तीन कारणे एकत्र आली की धोका वाढतो. लोहाची कमतरता असताना इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी, गरोदरपण किंवा बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, शरीरातले पाणी कमी होणे, मोठी शस्त्रक्रिया, दीर्घ अंथरूण, धूम्रपान, आतड्याचा दाहक आजार किंवा कर्करोग यांपैकी काही असेल, तर लक्षणांकडे दुर्लक्ष नको. जन्मजात हृदयदोषामुळे ओठ-नखे निळी पडणाऱ्या रुग्णांचे हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते. त्यामुळे त्यांच्यातली लोहाची कमतरता हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून कळतच नाही, आणि वारंवार रक्त काढल्याने ती वाढत जाते. हृदयाच्या डाव्या-उजव्या वरच्या कप्प्यांमधले छोटे छिद्र साधारण चारांतल्या एका प्रौढात उघडे राहिलेले असते. पायातली गुठळी त्यातून मेंदूकडे जाऊ शकते.

कोणती लक्षणे दिसली तर थांबायचे नाही?

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा समोरच्याचे न कळणे, अचानक दिसेनासे होणे, तोल जाणे. यांतले एकही दिसले तर लगेच पक्षाघातावर उपचार करणाऱ्या रुग्णालयात जावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. तारेने गुठळी बाहेर काढण्याची प्रक्रिया निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करतात. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असेल. लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली तरी घरी थांबू नका. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

मेंदूच्या शिरांतली गुठळी वेगळी वागते आणि म्हणून निसटते. तिची सुरुवात अनेकदा फक्त डोकेदुखीने होते. ती दिवसेंदिवस वाढते, आडवे झाल्यावर किंवा खोकल्यावर अधिक जाणवते. मग उलट्या, धूसर किंवा दुहेरी दिसणे, फीट, एका बाजूची कमजोरी. साधा सीटी स्कॅन यात नॉर्मल येऊ शकतो. शिरांचे चित्र दाखवणारा सीटी किंवा एमआर व्हेनोग्राम करावा लागतो. बाळंतीण किंवा गर्भनिरोधक गोळी घेणारी स्त्री, हिमोग्लोबिन ८ आणि चार दिवस वाढत जाणारी डोकेदुखी असे चित्र असेल, तर व्हेनोग्रामचा प्रश्न डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावा.

एका पायाची सूज, पोटरीत दुखणे, अचानक धाप किंवा श्वास घेताना छातीत टोचणे, हेही त्याच दिवशी दाखवायचे. ॲनिमियाची धाप हळूहळू वाढते. एकाएकी लागलेली धाप ॲनिमियाच्या खात्यावर टाकू नये.

कोणत्या तपासण्या करायच्या आणि आकडे कसे वाचायचे?

सुरुवात सीबीसीने, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीने. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार हिमोग्लोबिन पुरुषांत १३, गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅम प्रति डेसिलीटरपेक्षा कमी असेल तर ॲनिमिया. गरोदरपणात ही मर्यादा ११ धरतात, मधल्या तीन महिन्यांत साडेदहा. त्याच अहवालात लाल पेशींचा आकार म्हणजे एमसीव्ही ८० च्या खाली आणि आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) वाढलेला असेल तर लोहाकडे बोट जाते.

खात्री होते ती फेरिटिनने, म्हणजे लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाने. निरोगी प्रौढात १५ नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटरपेक्षा कमी म्हणजे साठा संपलेला. व्यवहारात बरेच डॉक्टर ३० च्या खाली कमतरता धरतात, आणि ॲनिमिया असलेल्या प्रौढांसाठी पोटविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना ४५ ची मर्यादा वापरतात. अडचण अशी की ताप, जंतुसंसर्ग, सूज किंवा यकृताचा आजार असेल तर फेरिटिन आपोआप वाढते. पक्षाघातानंतरच्या पहिल्या दिवसांतही तसे होऊ शकते. म्हणून रुग्णालयात आलेले ६० चे फेरिटिन पाहून ‘लोह ठीक आहे’ असा शिक्का मारणे चुकीचे. अशा वेळी सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोहवाहक प्रथिन किती टक्के भरले आहे) सोबत करावे. सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर कमतरतेचा संशय कायम राहतो. नुसते सीरम आयर्न दिवसभरात आणि गोळी घेतल्यावर बरेच खालीवर होते, त्या एका आकड्यावर निदान करू नये.

एमसीव्ही कमी, पण फेरिटिन चांगले आणि लाल पेशींची संख्या ५० लाखांच्या वर असेल तर थॅलॅसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष असू शकतो. त्यासाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस करतात.

प्लेटलेट सात लाख आल्या आहेत. हा रक्ताचा कर्करोग तर नाही?

बहुतेक वेळा नाही. आधी फेरिटिन पाहायचे. कमी असेल तर लोह भरायचे आणि चार ते सहा आठवड्यांनी सीबीसी पुन्हा करायची. कारण लोहाचे असेल तर संख्या खाली आलेली दिसते. लोह भरूनही ती साडेचार लाखांच्या वरच राहिली, तर अस्थिमज्जेचा आजार नाही ना हे पाहायला जेएके२, सीएएलआर आणि एमपीएल या जनुकांच्या तपासण्या लागतात.

एक सापळा इथे आहे. पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात लाल पेशी अमर्याद बनतात आणि त्यात लोह संपून जाते. त्यामुळे हिमोग्लोबिन जवळपास नॉर्मल दिसते, पेशी मात्र लहान असतात. अशा रुग्णाला नुसते लोह दिले की हिमोग्लोबिन झपाट्याने चढते आणि गुठळीचा धोका वाढतो. एमसीव्ही कमी, फेरिटिन कमी, पण हिमोग्लोबिन नॉर्मलच्या वरच्या टोकाला आणि लाल पेशींची संख्या भरपूर असेल, शिवाय प्लीहा वाढलेली असेल किंवा अंघोळीनंतर अंगाला खाज सुटत असेल, तर लोह सुरू करण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावे.

लोह नेमके का संपले, हे शोधणे गरजेचे आहे का?

हो, आणि आमच्या मते सर्वांत जास्त चूक इथेच होते. गोळ्या सुरू होतात, हिमोग्लोबिन चढते आणि शोध थांबतो.

पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत लोहाची कमतरता म्हणजे पचनमार्गातून रक्त जात आहे असे आधी गृहीत धरायचे. जठराची आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, सीलिॲक आजाराची (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला होणारी इजा) रक्त तपासणी आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूची तपासणी हा ठरलेला मार्ग आहे. आतड्याचा कर्करोग रक्तही घालवतो आणि गुठळ्याही घडवतो, त्यामुळे ॲनिमिया आणि गुठळी एकाच वेळी दिसली तर हा विचार टाळून चालत नाही. वेदनाशामक गोळ्यांचा नियमित वापर विचारून घ्यावा, अनेकांना ते सांगण्याजोगे वाटतच नाही.

वारंवार घोळणा फुटतो, ओठांवर-जिभेवर लाल ठिपके आहेत, घरात आणखी कुणाला तसेच आहे, तर आनुवंशिक रक्तवाहिनीदोष असू शकतो. सकाळची लघवी गडद, यकृताच्या किंवा पोटातल्या शिरेत गुठळी आणि सोबत लोहाची कमतरता असेल, तर पीएनएच या लाल पेशी फुटण्याच्या दुर्मीळ आजारासाठी फ्लो सायटोमेट्री ही रक्त तपासणी करतात.

पाळीत दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागते, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी जातात किंवा रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालतो, तर तो जास्तच आहे. ‘मला पहिल्यापासून असेच आहे’ म्हणून तो नॉर्मल ठरत नाही.

लोहाची गोळी कशी घ्यायची?

पाकिटावरचे मिलीग्रॅम आणि त्यातले प्रत्यक्ष लोह वेगळे असते. ३२५ मिलीग्रॅम फेरस सल्फेटमध्ये सुमारे ६५ मिलीग्रॅम, २०० मिलीग्रॅम फेरस फ्युमरेटमध्येही तेवढेच, तर ३०० मिलीग्रॅम फेरस ग्लुकोनेटमध्ये साधारण ३५ मिलीग्रॅम लोह असते.

दिवसातून तीनदा गोळी देण्याची जुनी पद्धत आता मागे पडते आहे. ६० मिलीग्रॅम किंवा अधिक लोह घेतल्यावर यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक वाढवते आणि ते साधारण २४ तास पुढच्या गोळीचे शोषण अडवते. झुरिकमधल्या २०१७ च्या अभ्यासात रोज घेणाऱ्या स्त्रियांत सुमारे १६ टक्के, तर एक दिवसाआड घेणाऱ्यांत सुमारे २२ टक्के लोह शोषले गेले. म्हणून दिवसातून एकदाच, सकाळी, आणि पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड. ॲनिमिया तीव्र असेल तर डॉक्टर रोजची मात्रा ठरवू शकतात.

गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम आणि आम्लपित्ताची औषधे यांच्यात किमान दोन तासांचे अंतर हवे, थायरॉइडच्या गोळीशी चार तासांचे. उपाशीपोटी मळमळत असेल तर थोडे खाऊन घ्या. शोषण जरा कमी होईल, पण गोळी सुटणार नाही. शौच काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र ती डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीयुक्त असेल तर तो रक्तस्राव समजावा.

महिना झाला, हिमोग्लोबिन वाढत नाही. काय चुकते आहे?

नीट शोषण होत असेल तर दोन आठवड्यांत सुमारे १ आणि चार आठवड्यांत सुमारे २ ग्रॅमने वाढ अपेक्षित असते. तसे नसेल तर क्रमाने पाहावे: गोळ्या खरोखर घेतल्या जात आहेत का, चहा किंवा आम्लपित्ताची गोळी आड येते का, रक्तस्राव अजून चालू आहे का, सीलिॲक किंवा पायलोरीमुळे शोषण अडते का, आणि मुळात निदान बरोबर होते का. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायची असते. बरे वाटले म्हणून दुसऱ्या महिन्यात थांबवली की सहा महिन्यांत सगळे पुन्हा तिथेच येते.

शिरेतून लोह केव्हा द्यावे लागते?

गोळी सोसत नसेल, शोषली जात नसेल, रक्तस्राव गोळीच्या वेगाला मागे टाकत असेल किंवा वेळच हातात नसेल तेव्हा. किती लोह लागेल याचे जुने सूत्र असे: वजन किलोत × (हवे असलेले हिमोग्लोबिन वजा सध्याचे) × २.४, अधिक साठ्यासाठी ५००. वजन ५० किलो, हिमोग्लोबिन ७, लक्ष्य १५ असेल तर ५० × ८ × २.४ = ९६०, अधिक ५००, म्हणजे १,४६० मिलीग्रॅम. दोनशे मिलीग्रॅमची एक बाटली लावून काम संपत नाही, हे या हिशेबावरून लक्षात येईल. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज या शिरेतून देण्याच्या लोहाने रक्तातले फॉस्फेट घसरू शकते. वारंवार घेणाऱ्यांना स्नायूदुखी किंवा कमालीचा अशक्तपणा आला तर फॉस्फेट तपासावे.

रक्त चढवणे हा लोह भरण्याचा मार्ग नव्हे. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढते आणि २०० ते २५० मिलीग्रॅम लोह मिळते. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, छातीत दुखत असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तेव्हाच ते लागते.

गुठळीसाठी औषध सुरू झाले आणि आता पाळीत खूप जाते. औषध बंद करू का?

स्वतःहून नाही. पहिल्या तीन महिन्यांत औषध अचानक थांबवले तर नवी गुठळी होण्याचा धोका मोठा असतो. पण सोसत बसायचेही नाही, कारण रक्तस्रावाने लोह आणखी घटते आणि आपण मूळ कारणच वाढवत राहतो. डॉक्टरांशी दोन गोष्टी बोला. रिव्हारोक्साबॅनवर पाळीचा रक्तस्राव ॲपिक्साबॅनपेक्षा जास्त होताना दिसतो, तेव्हा औषध बदलता येईल का. आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गर्भाशयातली तांबी बसवता येईल का. ती रक्तस्राव बराच कमी करते आणि तिच्यात इस्ट्रोजेन नसते. रक्तस्राव थांबवणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड ताज्या गुठळीत देत नाहीत. पाळी रोखणाऱ्या नॉरएथिस्टेरॉनच्या जास्त मात्रेतला थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून गुठळी होऊन गेलेल्या स्त्रीने ते दुकानातून परस्पर आणून घेऊ नये.

मेंदूच्या शिरांतल्या गुठळीत मेंदूत थोडा रक्तस्राव दिसत असला तरी रक्त गोठू न देणारे हेपॅरिन देतात, याने नातेवाईक हबकतात. तो रक्तस्राव अडलेल्या शिरेमागच्या दाबाने झालेला असतो आणि शीर मोकळी होणे हाच त्यावर उपाय असतो.

लहान मुलांत काय वेगळे पाहावे?

एक ते तीन वर्षांचे मूल दिवसाला ७०० मिलीलीटरहून अधिक गाईचे दूध पीत असेल आणि जेवण नाकारत असेल, तर लोह हमखास कमी पडते. उपचाराची मात्रा साधारण ३ मिलीग्रॅम लोह दर किलो वजनामागे, दिवसातून एकदा. मुलाचा एक हात अचानक वापरातून गेला, चालताना एक पाय ओढू लागला किंवा ताप नसताना फीट आली, तर तो पक्षाघात असू शकतो. लहान मुलांना तो होत नाही असे समजून दिवस घालवू नयेत.

मोठ्यांच्या लोहाच्या गोळ्या कुलपात ठेवा. शरीराच्या दर किलोमागे २० मिलीग्रॅम लोहापासून विषबाधेची लक्षणे सुरू होऊ शकतात, ६० च्या पुढे जिवावर बेतते. दहा किलोच्या मुलासाठी ६५ मिलीग्रॅमच्या तीन-चार गोळ्यासुद्धा रुग्णालयात नेण्यास पुरेशा आहेत.

लोह भरून निघाले. आता गुठळीचे औषध थांबवता येईल?

ते गुठळी कुठे झाली आणि आणखी कोणती कारणे सापडली यावर ठरते. शिरेतल्या गुठळीसाठी किमान तीन महिने, मेंदूच्या शिरांसाठी साधारण तीन ते बारा महिने औषध चालते. धमनीतल्या गुठळीने झालेल्या पक्षाघातानंतर ॲस्पिरिनसारखे औषध बहुधा दीर्घकाळ लागते. थांबवण्याआधी सीबीसी, फेरिटिन आणि प्लेटलेटचा ताजा अहवाल हातात असावा आणि रक्त कुठून जात होते ती वाट बंद झालेली असावी. त्यानंतर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी सीबीसी आणि फेरिटिन करावे. पाळीचा रक्तस्राव जास्त असणाऱ्या स्त्रियांनी, त्रास काही नसला तरी, पुढेही वर्षातून किमान एकदा ही तपासणी चालू ठेवावी.